वादळांतील दुकानदारी

सन २०२४ च्या जून महिन्यांतील पहिल्या आठवड्याची हकीकत बहुतेक वाचकांच्या स्मरणांत असेल. लोकसभेच्या निवडणुकीचें मतदान संपलें, निकालापूर्वींचे अंदाज प्रसिद्ध झाले, आणि ता. ३ रोजीं, सोमवारीं, मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक एका दिवसांत अडीच हजार अंशांनीं चढला. मंगळवारीं प्रत्यक्ष मतमोजणी झाली, अंदाज चुकले असें दिसून आलें, आणि तोच निर्देशांक ४,३८९ अंशांनीं कोसळला. शुक्रवारीं, ता. ७ रोजीं, बाजार बंद झाला तेव्हां तो ७६,६९३ वर, म्हणजे सोमवारच्या पातळीहूनही थोडा वर होता. ज्या गृहस्थानें त्या आठवड्यांत वर्तमानपत्राचें बाजारपान उघडलेंच नाहीं, त्याचें कांहींएक बिघडलें नाहीं. ज्यानें सोमवारीं उत्साहानें घेतलें, मंगळवारीं घाबरून विकलें आणि शुक्रवारीं पश्चात्तापानें पुन्हा घेतलें, त्यानें मात्र चार दिवसांत आपल्या वर्षाच्या बचतीचा लचका स्वतःच्या हातानें तोडून दिला. मौज अशी कीं, या दोघांपैकीं जागरूक गुंतवणूकदार ही पदवी दुसऱ्यालाच मिळते. पहिल्यास लोक आळशी म्हणतात.

या दुसऱ्या गृहस्थाला जो उपदेश ऐकावा लागतो, त्याविषयींच आम्हांस आज लिहावयाचें आहे. तो उपदेश दोन प्रकारचा असतो. पहिला दुकानदारांचा: बाजार अनिश्चित आहे, अशा वेळीं स्वस्थ बसणें धोक्याचें, डोळे उघडे ठेवा, चपळाईनें हालचाल करा, साधन तर आम्हीं तुमच्या हातांत दिलेंच आहे. दुसरा पंडितांचा: लहान गुंतवणूकदार बुडतो तो अज्ञानानें व लोभानें, त्यास अर्थशिक्षण द्या म्हणजे तो तरेल. आमच्या मतें हे दोन्ही उपदेश चुकीचे आहेत. त्यांतही पहिला चुकीचा असून देणाऱ्यास फायद्याचा आहे, ही अधिक वाईट गोष्ट. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, अनिश्चितता ही लहान गुंतवणूकदाराची वैरीण नव्हे. अनिश्चिततेच्या वेळीं त्याच्या हातून जी हालचाल होते, ती त्याची वैरीण आहे. आणि ही हालचाल निव्वळ त्याच्या स्वभावांतून होत नाहीं. ती त्याच्याकडून करवून घेण्यावर एक मोठा धंदा आज उभा आहे.

प्रथम अनिश्चितता म्हणजे काय तें पाहूं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यानें १९२१ सालीं आपल्या ग्रंथांत जोखीम आणि अनिश्चितता या दोहोंमध्यें एक महत्त्वाचा भेद केला. फांसा टाकला असतां सहा पडण्याचा संभव किती, हें गणितानें सांगतां येतें, ती जोखीम. तिचा हिशेब होतो, तिचा विमा उतरवितां येतो. परंतु पुढच्या वर्षीं युद्ध होईल कीं नाहीं, एखादी सांथ येईल कीं नाहीं, हें कोणत्याच कोष्टकांत बसत नाहीं, ती अनिश्चितता. शेअरबाजारांत जें कांहीं मिळतें तें या दुसऱ्या गोष्टीचें ओझें वाहिल्याबद्दल मिळतें. जेथें कांहींच अनिश्चित नाहीं, तेथें ठेवीचें व्याज मिळेल, त्याहून अधिक कोणी कां द्यावें? म्हणजे अनिश्चितता हा बाजाराचा दोष नसून ज्यासाठीं आपण तेथें जातों त्या लाभाची ती किंमत आहे. आमच्या शेतकऱ्याला ही गोष्ट कोणीं शिकवावी लागत नाहीं. पाऊस लांबला तर तो आभाळाकडे पाहतो, प्रसंगीं दुबार पेरणीही करतो. पण पेरलेलें बीं उगवलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोज सकाळीं सऱ्या उकरणारा शेतकरी आम्हीं तरी पाहिलेला नाहीं. शहरांतील पदवीधर मात्र आपलें बीं दर पांच मिनिटांनीं उकरून पाहतो, आणि त्यास अभ्यास असें म्हणतो.

तो असें कां करतो? याचें उत्तर गेल्या अर्धशतकांत मानसशास्त्रानें बऱ्याच अंशीं दिलें आहे. डॅनिएल काह्नमन व एमॉस ट्वर्स्की या दोघांनीं १९७९ सालीं असें दाखविलें कीं, जितक्या रुपयांच्या लाभानें मनुष्यास आनंद होतो, तितक्याच रुपयांच्या हानीनें त्यास होणारें दुःख त्या आनंदाहून पुष्कळच मोठें असतें. आतां असा मनुष्य दिवसांतून दहा वेळां भाव पाहूं लागला तर काय होईल? भाव वर-खालीं होतच असतात. जो दहा वर्षांनीं एकदां पाहील त्यास बहुधा वाढ दिसेल; जो दिवसांतून दहा वेळां पाहील त्यास निम्म्याच्या जवळपास वेळां घटच दिसणार, आणि प्रत्येक घटीचा डंख प्रत्येक वाढीच्या गोडीहून तिखट असणार. अशा रीतीनें हिशेबानें जो फायद्यांत आहे तोच मनानें कायमचा तोट्यांत राहतो; आणि दुखऱ्या मनाला कांहींतरी केल्यावांचून चैन पडत नाहीं.

हें 'कांहींतरी' बहुधा उलटेंच होतें. शेफ्रिन व स्टॅटमन या दोघांनीं १९८५ सालीं दाखवून दिलें कीं, सामान्य गुंतवणूकदार वाढलेले शेअर घाईनें विकतो आणि पडलेले उराशीं धरून बसतो. आपल्याकडे यासाठीं एक वाक्यच रूढ झालें आहे: विकला नाहीं तोंवर तोटा झालाच नाहीं! या वाक्यानें जेवढ्या घरांची फसवणूक केली, तेवढी एखाद्या लफंग्यानेंही केली नसेल. जी वस्तु आज नव्यानें विकत घेण्यास आपण तयार नाहीं, ती केवळ काल महाग घेतली म्हणून जवळ ठेवणें, हा धीर नव्हे. तो मानभंगाचा कंटाळा आहे. पण मग एखाद्या दिवशीं बाजार सरसकट कोसळतो, धीराचें हें सोंग गळून पडतें, आणि जें ठेवावयास हवें होतें तेंही विकलें जातें. फार वेळ न हलणें आणि एकदम सर्व हलविणें, हीं एकाच भीतीचीं दोन रूपें होत.

या हालचालीची किंमत किती पडते, याचाही हिशेब झालेला आहे. ब्रॅड बार्बर व टेरन्स ओडीन यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत अमेरिकेंतील एका दलाली पेढीकडील ६६,४६५ कुटुंबांचे १९९१ ते १९९६ पर्यंतचे व्यवहार तपासले. त्या काळांत एकंदर बाजारानें दरसाल शेंकडा १७·९ वाढ दिली; सर्वांत अधिक उलाढाल करणाऱ्या कुटुंबांच्या पदरीं मात्र शेंकडा ११·४ च पडले. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या कुटुंबांनीं वाईट शेअर निवडले होते असें नाहीं. खर्च वजा करण्यापूर्वींचा त्यांचा हिशेब इतरांच्या जवळपासच होता. त्यांना नडला तो मुख्यतः घेण्याविकण्याचा खर्च. ज्यांनीं कांहीं केलें नाहीं ते पुढें गेले, आणि ज्यांनीं मेहनत केली ते मागें राहिले! श्रमाचें फळ गोड, असें लहानपणापासून ऐकलेल्या आमच्या मध्यमवर्गास हें पचण्यासारखें नाहीं. आणि दुकानदाराचें कसब तें हेंच कीं, तो आमच्या आळसावर नव्हे, तर आमच्या उद्योगप्रियतेवर जगतो.

हें लिहितांना आम्ही कोठें उंच आसनावर बसलों आहों, असा कोणाचा समज होऊं नये. २०२० च्या मार्च महिन्यांत सांथीच्या भीतीनें ता. २३ रोजीं निर्देशांक एका दिवसांत शेंकडा १३ हून अधिक पडला आणि २५,९८१ वर येऊन थांबला. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. वर्गांत केन्सचे सिद्धांत आम्हीं वर्षानुवर्षें शिकविले होते. कपाटांत नाइटचा ग्रंथ होता. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा निवण्यापूर्वीं आम्हीं आपली म्युच्युअल फंडांतील निम्मी बचत विकून मोकळे झालों. विकल्यावर जें समाधान वाटलें तें अजून आठवतें; आपण कांहींतरी केलें, वेळेवर केलें, असें तें समाधान होतें. त्यानंतर दहा महिनेही गेले नाहींत तोंच, २१ जानेवारी २०२१ रोजीं, निर्देशांकानें पन्नास हजारांची रेषा प्रथमच ओलांडली. तोंपर्यंत आम्ही 'बाजार थोडा खालीं आला म्हणजे परत घेऊं' असें म्हणत होतों. आमच्या सौभाग्यवतींची स्वतंत्र रक्कम त्याच फंडांत होती. त्यांनीं ती त्या सबंध वर्षांत उघडून पाहिलीसुद्धां नव्हती, आणि त्यांस त्याबद्दल कोणीं अर्थशिक्षणाचें प्रशस्तिपत्रही दिलें नव्हतें. सबब अज्ञानानें मनुष्य बुडतो हा पंडितांचा सिद्धांत आमच्या घरापुरता तरी खोटा ठरला आहे. ज्ञान होतें, त्या रात्रीं तें उपयोगी पडलें नाहीं एवढेंच.

आणि ही कांहीं आजचीच गोष्ट नव्हे. मुंबई शहरानें हा प्रयोग दीडशें वर्षांपूर्वींच करून पाहिलेला आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि बॅक बे कंपनीच्या शेअरांवर मूळ किमतीच्या कित्येक पट अधिक रक्कम लोक देऊं लागले. १८६५ च्या वसंतांत युद्ध संपल्याची बातमी आली आणि हा डोलारा ढांसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस उगवला तो कित्येक घरांचीं दारें बंद करीतच. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा राजाही त्यांत सांपडला. आणि जिच्यावर सरकारचाही हात होता ती बँक ऑफ बॉम्बे १८६८ सालीं गुंडाळावी लागली. या प्रकरणाचा इतिहास दिनशा वाच्छा यांनीं पुढें १९१० सालीं लिहून ठेविला आहे. त्या फेऱ्यांत सांपडलेल्यांत अडाणी लोक थोडे. व्यापारी, अधिकारी, बँकांचे चालक अशी शहाणीसुरतीं मंडळीच पुष्कळ होती.

येथें कोणी आम्हांस अडवील कीं, बॅक बेचे शेअर ज्यानें स्थिर बुद्धीनें धरून ठेविले, त्याचें काय झालें? तुमचा न हलण्याचा मंत्र त्याच्या उपयोगी पडला काय? नाहीं पडला, आणि हा आक्षेप रास्त आहे. जें मुळांत फुगलेलें आहे तें धरून ठेविल्यानें भरीव होत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें नीट समजून घ्यावें. पुढील दहा वर्षें ज्याची गरज नाहीं असा पैसा, अनेक सचोटीच्या उद्योगांत वांटून, उसनवारी न करतां ज्यानें ठेविला आहे, त्यास वादळांत न हलणें हेंच श्रेयस्कर, एवढेंच आम्ही म्हणतों. ज्यानें कर्ज काढून एकाच फुग्यांत पैसा घातला, त्याची चूक वादळाच्या दिवशीं सुधारण्यासारखी नसते. ती स्वच्छ आभाळाच्या दिवशींच झालेली असते. म्हणजे विचार करण्याचा दिवस कोणता आणि न करण्याचा कोणता, एवढाच खरा प्रश्न आहे. आणि आजचा बाजार हे दोन दिवस नेमके उलटे करून टाकतो.

१८६५ सालीं भय आणि कृति यांच्यामध्यें निदान थोडें अंतर होतें. घरांतून निघावें, कोटांतल्या दलालांच्या गर्दींत जावें, आपला दलाल शोधावा, त्याच्याशीं चार शब्द बोलावे. तेवढ्या अवधींत एखादा वडीलधारा भेटे आणि कान धरून परत पाठवी. पुढेंही, आमच्या तरुणपणीं, शेअरचीं कागदी प्रमाणपत्रें असत. हस्तांतराच्या अर्जावर सही करावी, ती जुळावी, टपालानें तीं पाठवावीं, यांत दिवस जात. ती गैरसोय होती खरी. पण ती गैरसोय मनुष्याचें त्याच्या स्वतःपासून रक्षण करीत असे. आज हें अंतर अंगठ्याच्या एका स्पर्शाएवढें उरलें आहे. २०२० च्या मार्चमध्यें देशांत डीमॅट खातीं सुमारें चार कोटी होतीं. २०२२ च्या ऑगस्टांत तीं दहा कोटींवर गेलीं, आणि २०२४ च्या मार्चांत पंधरा कोटींवर. इतके लोक भांडवलाच्या वाट्याचे धनी झाले, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्यांच्या खिशांत आपण जी वस्तु ठेविली तिला मालकी म्हणावें कीं घंटा, हा प्रश्न आहे. ती वाजते, हलते, रंग बदलते; लाल झाली कीं छातींत धडधडतें; आणि विकण्याचें बटण नेमकें त्या लाल आंकड्याच्याच खालीं असतें.

या घंटेचा सर्वांत वाईट उपयोग ऑप्शनच्या बाजारांत होतो. ज्या वाचकांनीं या वाटेस पाऊल टाकिलें नसेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. ऑप्शन म्हणजे ठराविक दिवसापर्यंत ठराविक भावानें घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. हा हक्क मिळविण्यासाठीं एक रक्कम मोजावी लागते, आणि तो दिवस उलटून गेला कीं निरुपयोगी ठरलेल्या हक्काची किंमत शून्य होते. मुळांत हें साधन विम्यासारखें आहे, आणि मोठ्या व्यापाऱ्यास त्याचा सरळ उपयोग आहे. परंतु विम्याचा एक धर्म असा कीं, आग लागण्याची भीति जितकी अधिक तितका हप्ता महाग. निवडणुकीच्या निकालाआधीं, अंदाजपत्रकाआधीं, युद्धाच्या बातमीनंतर ऑप्शनचे दर चढतात. अनिश्चितता सरली कीं उतरतात. लहान मनुष्य नेमका त्या भीतीच्या किंवा उत्साहाच्या घटकेला तो हक्क विकत घेतो. त्यामुळें कित्येकदां बाजाराची दिशा त्यानें बरोबर ओळखलेली असते, तरीही पैसे जातात. कारण त्यानें दिशेबरोबर अनिश्चितताही विकत घेतलेली असते, आणि तीही सर्वांत महाग दरानें.

याचा परिणाम काय झाला, तो सेबीनेंच प्रसिद्ध केला आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांचा व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ तोट्यांत गेल्या. सरासरी तोटा माणशीं सुमारें दोन लाख रुपये, आणि एकंदर तोटा एक लाख ऐंशीं हजार कोटींच्या वर. खर्च वजा जातां लाखाहून अधिक रुपये ज्यांना मिळाले असे शंभरांत एक. या व्यवहारांत पडलेल्यांत सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची, सुमारें पांचांत एक! तीस वर्षांच्या आंतील तरुणांचें प्रमाण एका वर्षांत शेंकडा ३१ वरून ४३ वर गेलें. २०२३-२४ सालीं यांतील तीनचतुर्थांशाहून अधिक लोकांनीं आपलें वार्षिक उत्पन्न पांच लाखांच्या आंत सांगितलें होतें. म्हणजे सरासरी तोट्याची रक्कम ही एखाद्या घराच्या पांचसहा महिन्यांच्या एकंदर मिळकतीएवढी!

मग हा पैसा गेला कोठें? तोही हिशेब तेथेंच आहे. २०२३-२४ सालीं स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनीं सुमारें ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनीं सुमारें २८ हजार कोटी रुपये मिळविले. आणि त्या नफ्याचा जवळजवळ सर्वच भाग आपोआप चालणाऱ्या संगणकी आज्ञावलींनीं मिळवून दिला. शिवाय तीन वर्षांत सुमारें ५० हजार कोटी रुपये नुसत्या व्यवहारखर्चापायीं गेले. त्यांतील निम्मे दलालीचे, पांचवा हिस्सा शेअरबाजारांच्या शुल्काचा. एका बाजूस नोकरी सांभाळून, साहेबाची नजर चुकवून, टेबलाखालीं मोबाइल धरून बसलेला आमचा कारकून. दुसऱ्या बाजूस ज्यास भूक नाहीं, झोंप नाहीं, मुलाबाळांची चिंता नाहीं आणि म्हणून भीतीही नाहीं, असें यंत्र. या सामन्यास बाजार म्हणणें हा शब्दाचा अपमान आहे. आणि तोटा आल्यावर तरी लोक उठून जातात काय? तोटा झालेल्यांपैकीं तीनचतुर्थांशाहून अधिक लोक पुन्हा खेळावयास बसले, असेंही त्याच पाहणींत नमूद आहे.

आतां या धंद्याच्या कैवाऱ्यांचे मुद्दे पाहूं. ते म्हणतात, प्रौढ मनुष्य स्वतःच्या पैशाचें काय करील हा त्याचा प्रश्न. तुम्हांस काय करावयाचें? आमचें उत्तर असें कीं, आमच्याकडील कुटुंबांत एकट्याचा पैसा असा फारसा नसतोच. त्यांत थोरल्या मुलीची महाविद्यालयाची फी असते, आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया असते, आणि बहुधा वडिलांनीं निवृत्त होतांना मिळालेली रक्कम असते. खेळणारा एक आणि हरणारे पांच, अशी जेथें स्थिति, तेथें व्यक्तिस्वातंत्र्याचा हा मुद्दा अपुरा पडतो. शिवाय स्वतंत्र निवड म्हणजे जींत शांतपणें विचार करण्यास जागा असते ती. मनुष्य घाबरेल अशा घटकेची वाट पाहून, त्या घटकेला त्याच्यापुढें बटण ठेवणाऱ्यानें स्वातंत्र्याचें नांव घेऊं नये.

दुसरा मुद्दा असा कीं, अशा उलाढालीमुळें बाजार वाहता राहतो आणि उद्योगांस भांडवल मिळतें. कंपनीचे शेअर घेण्याविकण्याबद्दल हें बऱ्याच अंशीं खरें आहे. पण आठवड्याभरांत मरणाऱ्या निर्देशांकाच्या ऑप्शनानें कोणत्या कारखान्याची वीट रचली गेली? केन्सनें १९३६ सालीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत, शेअरची खरेदी विवाहासारखी कायमची करावी, मृत्यु किंवा तसेंच भारी कारण असल्यावांचून ती मोडतां येऊं नये, असा विचार मनांत येत असल्याचें अर्धवट थट्टेनें म्हटलें होतें. आणि लगेच त्यांतील अडचणही दाखविली होती. कारण बाहेर पडतांच येत नसेल, तर आंत येण्यासच लोक कचरतील. तीं दोन्ही टोकें सोडून द्यावीं. परंतु विवाह अतूट नको म्हणून तो दर गुरुवारीं मोडावा, असें तर कोणीं म्हटलेलें नाहीं!

तिसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. बँकेचें व्याज महागाईस पुरत नाहीं. मग मध्यमवर्गानें करावें काय? या गाऱ्हाण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच आम्हीं शेअरबाजाराचीच निंदा केलेली नाहीं. ज्याचा पैसा महागाईनें झिजतो आहे त्यानें उद्योगांत भाग घ्यावा, हेंच योग्य. परंतु भाग घेणें निराळें आणि व्यवहार करणें निराळें. सेबीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका पाहणींत, शेअर सकाळीं घेऊन संध्याकाळच्या आंत विकणाऱ्यांपैकीं २०२२-२३ सालीं दहांत सात तोट्यांत होते. आणि वर्षांत पांचशेंहून अधिक वेळां असा व्यवहार करणाऱ्यांत हेंच प्रमाण दहांत आठ होतें. सरावानें मनुष्य निष्णात होतो म्हणतात. येथें सरावानें तो अधिक लुबाडला जातो! ज्या विद्येंत अभ्यास वाढला कीं अपयश वाढतें, ती विद्या नसून व्यसन आहे, असें म्हणावयास आमची हरकत नाहीं.

राहिला पंडितांचा अर्थशिक्षणाचा मुद्दा. शिक्षण वाईट असें एक शिक्षक कसें म्हणेल? पण आज ज्यास अर्थशिक्षण म्हणतात त्यांतील बराच भाग मेणबत्तीच्या आकृत्या ओळखण्याचा, संकेतांचा व युक्त्यांचा असतो. म्हणजे बुडत्यास पोहण्याऐवजीं अधिक जोरानें हातपाय झाडावयास शिकविण्याचा. त्यानें शिष्याचें ज्ञान वाढत नाहीं, धीटपणा वाढतो. आणि धीटपणा वाढला कीं उलाढाल वाढते. आमचा एक जुना विद्यार्थी, गणितांत पहिल्या वर्गांत आलेला, परवां भेटावयास आला होता. तो सांभाळून, हंसून बोलत होता. निघतांना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "सर, शेवटची भरपाई झाली कीं मी सोडणार आहे." ती शेवटची भरपाई तो दोन वर्षें करीत होता. त्यास संभाव्यतेचें गणित आमच्याहून चांगलें येतें. त्याला गणित शिकवून काय होणार?

कायद्यानें कांहीं केलें नाहीं असें नव्हे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून सेबीनें कराराचा किमान आकार पंधरा लाख रुपयांपर्यंत वाढविला, आणि प्रत्येक शेअरबाजारास दर आठवड्यास मुदत संपणारा करार एकाच निर्देशांकापुरता ठेवण्यास सांगितलें. पावलें योग्य दिशेनें पडलीं. पण २०२४-२५ या संपूर्ण वर्षाचा हिशेब आला तेव्हां व्यक्तींचा निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी, म्हणजे आदल्या वर्षाहून शेंकडा ४१ नें अधिक निघाला. या वर्षाचा बराच भाग नव्या नियमांपूर्वींचा होता, हें खरें. तरीही केवळ आकार बदलून भागेल असें आम्हांस वाटत नाहीं. अंतर परत आणलें पाहिजे. ज्याचें उत्पन्न व शिल्लक अशा तोट्यास पुरण्यासारखी नाहीं, त्यास या खोलींत प्रवेशच असूं नये. प्रथम खातें उघडणाऱ्यास कांहीं दिवसांची सक्तीची थांबणूक असावी. आणि प्रत्येक सौद्यापूर्वीं त्या मनुष्याचा आजवरचा एकंदर नफातोटा, खर्चासकट, मोठ्या अक्षरांत त्याच्यापुढें यावा. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतां येतो, तर येथें मनुष्याचा स्वतःचाच हिशेब छापण्यास लाज कसली?

परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचें आम्हांस कारण नाहीं. आमच्या आजोबांच्या घरीं दिवाळींत वह्यांचें पूजन होई, आणि त्यापूर्वीं वर्षाची कीर्द-खतावणी घरांतील कर्त्या माणसांसमोर उघडली जाई. ती चाल पुन्हा सुरू करावी. ज्या घरांत असें खातें असेल, तेथें तें वर्षांतून एकदां सर्वांसमक्ष, पत्नीसमक्ष, मोठ्या मुलांसमक्ष उघडावें. घेण्याविकण्याचा निर्णय लिहून ठेवावा, आणि तो निदान आठ दिवस शिळा झाल्यावांचून अंमलांत आणूं नये. बाजार गडगडल्याच्या दिवशीं तर कांहींच करूं नये. त्या दिवशीं करावयाचें तें पूर्वींच ठरलेलें असावें. हे नियम अगदींच साधे आहेत, आणि त्यांपासून कोणासही दलाली मिळत नाहीं. म्हणूनच त्यांची जाहिरात कोणी करीत नाहीं.

वादळ कोणी निर्माण करीत नाहीं. तें येतें आणि जातें. पण वादळ आलें कीं दारोदार फिरून, घर सोडा, पळा, आमच्या गाडींत बसा, असें ओरडणारा मनुष्य दिसला, तर त्याच्या गाडीचें भाडें काय आहे, एवढें तरी आम्हीं विचारावें. २०२० च्या मार्चमध्यें आम्हीं तें विचारलें नाहीं, आणि भाडें भरलें. त्या जुन्या विद्यार्थ्यास आम्हीं पत्र लिहिलें आहे; त्यांत उपदेश नाहीं, फक्त येत्या रविवारीं त्यानें आपल्या खात्याचा संपूर्ण हिशेब घेऊन, पत्नीसह आमच्याकडे जेवावयास यावें, एवढेंच आमंत्रण आहे. आमचा हिशेबही आम्ही त्याच्यापुढें ठेवणार आहों.